फिरतीच्या कामाला मोबाइल खरंच पुरतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी १७ वर्षं शेतीपंपांच्या दुरुस्तीसाठी सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांत फिरलो. सुरुवात केली तेव्हा खिशात डायरी, पिशवीत कार्बनचं बिलबुक आणि पट्ट्याला बटणांचा फोन असायचा. आता फिरतीवर नव्याने येणाऱ्या मुलांना काम शिकवतो. ती मुलं, ओळखीतले मीटर रीडर, विमा एजंट, औषध कंपन्यांचे एमआर, सर्व्हे करणारे, सगळे फिरून फिरून हेच विचारतात.

थोडक्यात सांगा. लॅपटॉप घरी ठेवून नुसत्या मोबाइलवर काम होतं का?

काम कुठलं, त्यावर आहे. जागेवर जाऊन बघायचं, टिपायचं, दाखवायचं, पैसे घ्यायचे आणि पुढचं गाव गाठायचं, एवढं असेल तर होतं. पूर्वीपेक्षा बरंच चांगलं होतं. चार गावांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडून ताळमेळ लावायचा, कोटेशन बनवायचं, साठ ओळींचा हिशेब जुळवायचा, तर नाही होत. होतं म्हणणारा माणूस रात्री जेवणानंतर मुलीच्या लॅपटॉपवर ते उरकत असतो, फक्त सांगत नाही.

माझी कसोटी साधी आहे. नवं अ‍ॅप किंवा यंत्र आल्यावर फिरणाऱ्याचं काम कमी झालं का, ते बघायचं. बऱ्याचदा कमी होतं ते ऑफिसात बसलेल्याचं. फिरणाऱ्याला वहीत लिहायचं असतंच, वर अ‍ॅपमध्येही भरायचं. मग ‘उपयोग होतो का?’ याचं उत्तर साहेब एक देतात, माणूस दुसरं देतो आणि दोघंही खरं बोलत असतात.

नक्की फायदा कुठे होतो?

सगळ्यात मोठा फायदा कॅमेऱ्याचा. कॉलचा नंबर माझ्या मते तिसरा-चौथा.

पंपाच्या नेमप्लेटवर हॉर्सपॉवर, हेड (पाणी किती उंच चढवतो ते), सिरियल नंबर असतो. गंजलेली ती पट्टी विहिरीच्या कडेला ओणवं होऊन वाचायची आणि डायरीत उतरवायची. ३ चा ८ व्हायचा, सुटा भाग चुकीचा यायचा, ४० किलोमीटरची दुसरी फेरी पडायची. आता फोटो काढायचा आणि झाडाखाली बसून मोठा करून वाचायचा. या एका गोष्टीने माझं जितकं पेट्रोल वाचलं तितकं दुसऱ्या कशाने वाचलं नाही. महावितरणच्या बिलावर मीटरचा फोटो छापून यायचा, त्यामागेही हेच. रीडिंगवरून भांडण झालं की दोघांना एकच गोष्ट बघता यायची.

दुसरा फायदा रस्त्याचा. ‘वडापाशी डावीकडे वळा, पुढे कुणालाही विचारा’ या पत्त्यावर मी आयुष्याचे कितीतरी तास घालवले. दुपारी दोन वाजता विचारायला रस्त्यावर कोणी नसतं. आता शेतकरी लोकेशन पाठवतो आणि मी थेट विहिरीवर उतरतो.

तिसरा पैशांचा. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं, पण आमच्या भागात ते अंगवळणी पडायला आणखी चार-पाच वर्षं गेली. सुट्ट्यांची कटकट संपली. ‘पुढच्या बाजाराला देतो’ हे वाक्य मात्र अजून संपलेलं नाही. ते अ‍ॅपने संपणारंही नाही.

मग एसटीच्या कंडक्टरकडे, गोदामात वेगळी हँडहेल्ड मशिन्स का असतात? फोनमध्येच सगळं का नाही करत?

कारण त्या मशिनला एकच काम हजार वेळा करायचं असतं. गच्च भरलेल्या गाडीत एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने, जवळजवळ न बघता तिकीट निघायला हवं. जुनी तिकिटांची पेटी आणि चिमटा गेला, पण ती सवय तशीच राहिली. बटण अंगठ्याला कळतं, काचेवरचा चौकोन कळत नाही. छपाईही त्याच डब्यात असते. आता मशिन्स अँड्रॉइडवर चालतात, यूपीआयही घेतात. म्हणजे पोटात फोनच, अंगावरचे कपडे तेवढे कामाचे.

गोदामातल्या स्कॅनरचंही तेच. फोनच्या कॅमेऱ्याने बारकोड वाचता येतो, पण आधी अ‍ॅप उघडा, मग नेम धरा, मग फोकस होईपर्यंत थांबा. दिवसाला २० खोकी असतील तर चालेल. ८०० असतील तर दुपारपर्यंत मनगट बोलायला लागतं. तिथे घोडा असलेला स्कॅनरच हवा.

माझा ढोबळ हिशेब सांगतो. एकच कृती दिवसात शंभराहून जास्त वेळा असेल, तर त्या कामासाठी बनवलेलं यंत्र घ्या. दहा प्रकारची कामं चार-चार वेळा असतील, तर फोन.

छपाईची पावती हवी असेल तर ब्लूटूथचा २ इंची थर्मल प्रिंटर फोनला जोडता येतो. मात्र त्या कागदावरची अक्षरं उन्हाने, उष्णतेने उडून जातात. वॉरंटीची तारीख त्यावर देऊ नका. ग्राहक दोन वर्षांनी कोरी पट्टी घेऊन येतो आणि तुमच्याकडे अशा नजरेने बघतो, की जणू शाई तुम्हीच पुसली.

रेंज नसेल तर सगळंच बंद?

अ‍ॅप कसं बांधलंय त्यावर आहे. ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली आणि पूर्वी तलाठी करत ती पिकाची नोंद शेतकरी स्वतः करू लागला. उभ्या पिकात जाऊन फोटो काढायचा, त्यासोबत अक्षांश-रेखांश जातात. शेतात रेंज नसली तरी फोटो फोनमध्ये राहतो, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येतो. चूक झाली तर ४८ तासांत दुरुस्तीची सोय. शेतीसाठीचं अ‍ॅप असंच हवं, कारण पीक काही टॉवर बघून पेरत नाहीत.

तुमच्या ऑफिसने एखादं अ‍ॅप विकत घ्यायचं ठरवलं असेल, तर विकणाऱ्यासमोर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि म्हणा, आता एक पूर्ण नोंद भरून दाखवा, फोटोसकट. मग फोन बंद करून चालू करा आणि नोंद आहे का बघा. या दोन मिनिटांत निम्मे विक्रेते गप्प होतात.

एक गैरसमज इथेच काढतो. जीपीएसला रेंज लागत नाही. फोन उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. नेट असलं तर जागा लवकर सापडते आणि नकाशाचं चित्र उतरतं, इतकंच. म्हणून सकाळी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घ्या.

मोबाइलच्या जीपीएसवर जमीन मोजता येते का?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की जरा सविस्तर सांगतो.

उघड्या आकाशाखाली चांगला स्मार्टफोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. झाडीत, डोंगराच्या कुशीत, उंच भिंतीलगत त्याहून वाईट. आता गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, अर्थात प्रत्येक बाजू जेमतेम १० मीटर. त्यात ५ मीटर इकडेतिकडे म्हणजे अर्धी बाजूच गेली. बांधाच्या एका फुटावरून जिथे भावाभावांची डोकी फुटतात, तिथे हे माप काढून दाखवणं म्हणजे काडी लावणं.

पण ठिबकच्या नळ्या किती लागतील याचा अंदाज घ्यायचा असेल, तर फोन घेऊन शेताला चक्कर मारायला हरकत नाही. एक-दोन एकराच्या तुकड्यात येणारी चूक नळीच्या एका बंडलात खपून जाते. मी अनेकदा केलंय.

सरकारी मोजणीचं प्रकरण वेगळं. भूमी अभिलेख खात्याचे रोव्हर दिसायला काठीवर बसवलेल्या टोपीसारखे असतात. कायमच्या उभ्या केलेल्या संदर्भ केंद्रांकडून त्यांना सतत दुरुस्ती मिळते, त्यामुळे ते सेंटिमीटरच्या भाषेत बोलतात. हद्दीचा प्रश्न असेल तर रीतसर मोजणीचा अर्ज करा.

बॅटरी दिवसभर पुरत नाही. मोठी पॉवर बँक घेऊ?

घ्या, पण डब्यावरचा आकडा जसाच्या तसा मिळत नाही. १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा. बाहेर ५ व्होल्टने देताना गणित आणि गळती धरून ६,००० ते ६,५०० हाती येतं. आजचा ५,००० वाला फोन एकदा पूर्ण भरेल, वर थोडं उरेल.

बॅटरी सगळ्यात जास्त खाते ती कमी रेंज. टॉवर लांब असला की फोन ताकद लावून ओरडत राहतो. पाटण, कोयना भागात मी विहिरीवर पोचलो की एअरप्लेन मोड लावायचो आणि वर रस्त्याला आलो की काढायचो. तेवढ्याने संध्याकाळी २०-२५ टक्के जास्त उरायचे. तोटा एवढाच, की घरच्यांचा फोन लागायचा नाही. त्याबद्दल मी भरपूर ऐकून घेतलंय.

ऊन, पाऊस, चिखल, यात फोन टिकतो का?

उन्हाचं आधी. आयफोनच्या माहितीत वापराचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतच पारा ४० च्या वर जातो. फोन तापला की स्क्रीन अंधूक होते, चार्जिंग थांबतं, शेवटी फोन झोपतो. त्याला दोष देऊ नका, आपणही झोपतोच. मोटरसायकलच्या हँडलवर काळ्या होल्डरमध्ये उन्हात फोन लावणं सगळ्यात वाईट. धक्क्यांचाही त्रास आहे. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलवर फोन थेट बसवला तर कंपनांनी कॅमेऱ्याचं काम बिघडू शकतं, असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं. फोन खिशात ठेवा, कानात एक इयरफोन घाला आणि रस्ता ऐका.

पावसात फोन मरण्याआधी टच मरतो. काचेवरचं पाणीही त्याला बोटासारखंच वाटतं, मग तो आपल्या मनाने बटणं दाबत सुटतो. एकदा माझ्या फोनने भर पावसात माझ्या सासऱ्यांना तीन वेळा कॉल लावला होता. उपाय दहा रुपयांचा आहे. झिपवाली पातळ प्लास्टिकची पिशवी. आतून टच चालतो, फोटो मात्र पुसट येतो. आयपी ६७ असा पाणी-धुळीपासून बचावाचा शिक्का असेल तर तो १ मीटर पाण्यात ३० मिनिटांच्या चाचणीचा असतो, तीही स्वच्छ आणि स्थिर पाण्यात. विहिरीत पडलेल्या फोनला हे प्रमाणपत्र वाचून दाखवून उपयोग नाही.

मराठीत लिहायचं कसं? अंगठ्याने टाइप करून जीव जातो.

बोला. गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून लिहिण्याची सोय २०१७ मध्ये आली आणि माझ्या मते फिरतीवरच्या माणसासाठी कॅमेऱ्यानंतर हीच. दिवसभराचा अहवाल मी गाडी लावून, चहा येईपर्यंत बोलून टाकतो.

गावांची नावं, आडनावं आणि आमच्या धंद्यातले शब्द ती चुकवते. फूटव्हॉल्व्ह, इंपेलर, ग्लँडची दोरी, यांचं काय काय होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आकडे तर कधीच बोलून टाकू नका. सव्वादोन, अडीच, पावणेचार हे आपल्या कानाला गोड, पण बिलात २.२५ हवं असतं. आकडे अंगठ्यानेच टाका, दोनदा बघा.

आणखी एक दुखणं. ऑफिसातून आलेली मराठी फाइल फोनवर उघडली की अक्षरांची भेळ दिसते. ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट फोनमध्ये नसतो. फोन बिघडलेला नाही. ऑफिसला सांगा, युनिकोडमध्ये टाइप करा. तेवढ्यापुरतं तरी पीडीएफ करून पाठवा.

काम केल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पुरावा म्हणून पुरे ना?

बघायला पुरे, वादाला अपुरा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्याच्या पोटातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. मूळ फोटो फोनमध्ये ठेवा. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटोत ओळख पटेल असं काहीतरी येऊ द्या, पंपाचा नंबर, विहिरीचा कठडा, मालक तयार असतील तर मालक. नुसत्या मोटरचा फोटो कुठल्याही मोटरचा असू शकतो.

साहेब दिवसभर लोकेशन चालू ठेवायला सांगतात. काय करावं?

कामाच्या वेळेत, कामाच्या फोनवर, आधी सांगून असेल तर मला त्यात गैर वाटत नाही. रात्री नऊला ‘तू आत्ता कुठे आहेस ते दिसतंय’ असा मेसेज आला, तर गैर आहे.

पण लोकेशन आणि फोटो यांनी काम झाल्याची खात्री पटते, हा समज मालकांनी सोडावा. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी अ‍ॅपवर, दिवसातून दोन जिओ-टॅग फोटो काढून घेणं १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच पुन्हा काढलेला फोटो असले प्रकार अ‍ॅपवर अपलोड होताहेत, हे केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच जुलै २०२५ च्या परिपत्रकात लिहिलं. चुकवायचं त्याने वाट काढली. प्रामाणिक मजुराच्या वाट्याला आलं ते रेंज शोधत उन्हात उभं राहणं. दुरुस्त केलेला पंप आठवडाभर पाणी फेकतोय का, हा एक फोन शेतकऱ्याला केला तर माझ्या मुलांचं दिवसभराचं लोकेशन बघावं लागत नाही.

स्वतःचा फोन वापरावा की कामाचा वेगळा मागावा?

मागून बघा, आणि मिळाला तर कसा मिळतो तेही बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोनची मेमरी अपुरी, मुलांच्या पोषणाच्या नोंदींचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप धड चालेना, दुरुस्तीचा खर्च अंगावर आणि वर माहिती इंग्रजीत भरायची. वजन-उंचीच्या नोंदी या बाया वर्षानुवर्षं मराठी रजिस्टरांत चोख ठेवत आल्या होत्या. अनेकांनी तेव्हा ‘त्यांना तंत्रज्ञान नको’ असा अर्थ काढला. मला ते आंदोलन हत्याराची पारख असलेल्या माणसांचं वाटलं. बोथट खुरपं दिलं तर कोणीही परतच करणार.

उलट बाजूला २०२७ ची जनगणना आहे. ती देशातली पहिली डिजिटल जनगणना, आणि प्रगणकांनी स्वतःच्याच फोनवर अ‍ॅप टाकून ती करायची आहे. खर्च वाचतो, माणसाला हाताळायची सवयही असते. पण घरच्या फोटोंच्या शेजारी लोकांची माहिती येऊन बसते.

स्वतःचाच फोन वापरणार असाल तर तीन गोष्टी ठरवून घ्या: रिचार्जचे पैसे कोण देणार, काच फुटली तर कोण देणार, आणि नोकरी सोडल्यावर ग्राहकांचे नंबर कोणाचे. तिसऱ्याचं उत्तर कोणी देत नाही. तरी विचारा.

फोन हरवला तर?

आधी सिम बंद करा, कारण ओटीपी तिकडे जातात. मग बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच. पोलिसात तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून फोन ब्लॉक करता येतो, त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर लागतो. तो आत्ताच *#०६# दाबून बघा आणि वहीत लिहा. फोनमध्येच लिहिणारे बरेच भेटलेत.

ग्राहकांच्या आधारचे फोटो गॅलरीत साठवत असाल, तर फोन तुमचा एकट्याचा हरवत नाही. अर्ज भरून झाला की त्याच दिवशी ते पुसा.

टॅब घेऊ का?

ग्राहकाला चित्रं, तक्ते दाखवायचे असतील तर विमा आणि औषधवाल्यांना उपयोगी. शिडी चढणाऱ्याला नाही.

आता वही टाकून देऊ?

नको. माझ्या पिशवीत अजून एक छोटी वही आणि शिसपेन्सिल असते. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, पेन्सिल चालते. पाइपलाइनचा नकाशा मी अजूनही हातानेच काढतो. कुठे वळण, कुठे एअरव्हॉल्व्ह, कुठे शेजाऱ्याचा बांध, हे शेतकऱ्याच्या देखत काढलं की तो मध्येच बोट ठेवून म्हणतो, ‘नाही, इथून खालून गेलीय.’ फोनच्या स्क्रीनवर तो बोट ठेवत नाही, बिघडेल म्हणून घाबरतो. मग मी त्या पानाचा फोटो काढतो आणि पाठवून देतो.

शेवटचं, फिरतीसाठी कोणता फोन घ्यावा?

कंपनीचं नाव मी सांगत नाही. ५,००० च्या आसपास बॅटरी, दोन सिम आणि ज्याची काच तालुक्याच्या गावात बदलून मिळते असा. दुकानात बघून निर्णय घेऊ नका. भर दुपारी फोन घेऊन दुकानाच्या बाहेर या, उन्हात धरा आणि स्क्रीनवरचा नंबर वाचता येतो का बघा.